म्यान भिजतं कुठून?

कमावलेल्या कोऱ्या चामड्याच्या तुकड्यावर पाण्याचा एक थेंब टाका. क्षणभर तो मण्यासारखा थबकतो, मग कडेने पसरू लागतो आणि बघता बघता जिरून जातो. मागे उरतो गडद, गोल डाग. आता त्याच तुकड्याच्या दुसऱ्या कोपऱ्यावर मधमाश्यांचं मेण घासा, केस वाळवायच्या ड्रायरने ते वितळवून आत जिरू द्या आणि गार झाल्यावर पुन्हा एक थेंब टाका. हा जिरत नाही. तुकडा जरा तिरका केला की घरंगळून पडतो.

सुरीसाठी हाताने म्यान बनवणाऱ्या बहुतेकांचं जलरोधन या दुसऱ्या थेंबापाशी संपतं. माझंही बरीच वर्षं तिथेच संपायचं. मग एकदा मेण पाजलेलं एक म्यान रात्रभर ओल्या गवतात राहिलं. सकाळी बाहेरून ते कोरडंठाक होतं. सुरी उपसली तर पात्यावर गंजाची एक बारीक रेघ, अगदी शिवणीला समांतर. मेणाने आपलं काम केलं होतं. पाणी आलं होतं भलतीकडूनच.

ते कुठून आलं हे समजायचं तर आधी चामड्याच्या आत डोकवायला हवं. कातडीचा मुख्य ऐवज म्हणजे कोलॅजेन हे प्रथिन. तीन साखळ्यांचा पीळ घातलेला त्याचा एक रेणू सुमारे 300 नॅनोमीटर लांब आणि जेमतेम दीड नॅनोमीटर जाड असतो. असे असंख्य रेणू एकत्र येऊन सूक्ष्म तंतू होतात, तंतूंचे धागे होतात आणि धाग्यांची गुंतवळ म्हणजे कातडी. केसाकडच्या बाजूला ही वीण बारीक आणि दाट असते, मांसाकडच्या बाजूला जाड आणि सैल. हे धागे पाण्याचे मोठे लोभी. रेणूंच्या अंगावर पाण्याला धरून ठेवणाऱ्या जागा ठासून भरलेल्या असतात.

कच्चं कातडं, म्हणजे केस आणि मांस खरवडून नुसतं वाळवलेलं, न कमावलेलं कातडं, वाळताना एक गंमत करतं. पाणी निघून जातं तसे त्याचे धागे एकमेकांना चिकटतात, मधल्या फटी मिटतात आणि शिंगासारखा कडक, थोडा आरपार उजेड दाखवणारा पत्रा तयार होतो. कुत्र्यांना चघळायला जी हाडाच्या आकाराची कांडकी मिळतात, ती हीच. म्यानासाठी हा कडकपणा उत्तम. ओलं कातडं सुरीवर गुंडाळून शिवा, वाळलं की ते पात्याचा आकार धरून बसतं. पण पाणी लागलं की ते सगळं विसरतं. दमट हवेत चर्मवाद्य उतरतं, ते याच कारणाने. जास्त वेळ ओलं राहिलं तर लिबलिबीत होतं आणि शेवटी जिवाणू ते खाऊ लागतात. फटी मिटलेल्या असल्यामुळे यात मेण किंवा तेल फारसं मुरतही नाही. वरून लाखेचा किंवा व्हार्निशचा थर द्यावा लागतो, आणि एका ओरखड्याने तो थर फुटला की तिथून कातडं फुगतं व थराला आणखी तडे पाडतं. माझं मत विचाराल तर कच्च्या कातड्याचं म्यान कोरड्या हवेतच वापरावं. त्याला पाण्यापासून वाचवण्यात जेवढा वेळ जातो, तेवढ्यात कमावलेल्या चामड्याची दोन म्यानं होतील.

कमावणं म्हणजे कोलॅजेनच्या रेणूंमध्ये पक्के दुवे घालणं. बाभूळ किंवा ओकची साल, हिरड्याची फळं यांतली टॅनिनं, म्हणजे तुरट द्रव्यं, कातड्यात शिरतात, रेणूंना जागोजागी धरून ठेवतात आणि पाणी व जिवाणू या दोघांच्याही वाटेत बसतात. फरक किती पडतो, ते आक्रसण्याच्या तापमानावरून कळतं. ओलं कच्चं कातडं साधारण 60 ते 65 अंश सेल्सिअसला अचानक आक्रसतं. वनस्पतिजन्य टॅनिनने कमावलेलं ओलं चामडं 75 ते 85 अंशांपर्यंत तग धरतं, तर क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं बहुधा शंभरपर्यंत किंवा त्याहीपुढे जातं. तरीही म्यानाला टॅनिनचंच चामडं घेतात, कारण ते ओलं करून दाबलं की आकार धरतं. क्रोमचं चामडं मऊच राहतं आणि पूर्ववत होतं.

मात्र कमावलेल्या चामड्यात धाग्यांमधल्या फटी उघड्या राहतात आणि पाणी त्यांतून चढतं. हे केशाकर्षण. हिशोब सोपा आहे: नळी जितकी बारीक तितकी ओढ जास्त. 10 मायक्रोमीटर त्रिज्येची सरळ नळी धरली, तर पाणी तिच्यात स्वतःहून दीडेक मीटर चढू शकतं. चामड्यातल्या फटी सरळ नसतात, पण थेंब का जिरतो ते यावरून समजायला हरकत नाही. मेण या ओढीची दिशाच उलटवतं. मेणावर पाण्याच्या थेंबाची कड पृष्ठाशी, पाण्याच्या आतून मोजला तर, सुमारे 105 ते 110 अंशांचा कोन करते. हा कोन 90 च्या पुढे गेला की नळी पाणी आत घेण्याऐवजी बाहेर ढकलते. त्याच 10 मायक्रोमीटरच्या फटीत आता पाणी शिरवायचं, तर त्यावर साधारण 40 सेंटिमीटर उंचीच्या पाण्याचा दाब द्यावा लागेल. पाऊस आणि दव यांना अडवायला हे पुष्कळ झालं.

आता हाच हिशोब शिवणीसाठी आरीने, म्हणजे चांभाराच्या टोच्याने, पाडलेल्या भोकाला लावा. समजा भोक 1 मिलिमीटर व्यासाचं आहे. भिंतींना कितीही मेण लावलं तरी ते अडवू शकतं फक्त 9 मिलिमीटर पाण्याचा दाब. ओल्या गवतात पडलेल्या म्यानाला तेवढा दाब सहज मिळतो, आणि भोकात साधा सुती दोरा असेल तर दाबाचीही गरज नाही. दोरा म्हणजे दिव्यातली वातच. बाहेरचं पाणी शोषून थेट आत नेऊन सोडणारी. माझ्या पात्यावरची रेघ शिवणीला समांतर का होती, ते इथे उलगडलं. म्हणून दोरा शिवण्याआधी मेणाच्या वडीवरून दोनतीनदा ओढून घ्यायचा, आणि शिवून झाल्यावर टाक्यांवर हातोडीने हलके ठोकायचं म्हणजे भोकं दोऱ्याभोवती मिटतात. तसे टाके हाच म्यानाचा नाजूक भाग. लंडनला थेम्सकाठच्या ओल्या मातीत मध्ययुगीन म्यानं सापडली आहेत. अशा ठिकाणी मिळणाऱ्या वस्तूंत चामडं शाबूत असतं, पण लिननचा दोरा बहुधा विरून गेलेला असतो. उरते ती रिकाम्या भोकांची रांग.

दुसरी वाट म्हणजे कापलेली कड. तिथे धाग्यांची तोंडं उघडी पडतात, त्यामुळे सपाट पृष्ठापेक्षा कड कितीतरी वेगाने पाणी पिते. कड किंचित ओली करून गुळगुळीत लाकडाने जोरजोरात घासली की घर्षणाने ती तापते, धागे आडवे होऊन दबतात आणि एकमेकांना चिकटतात. दोन थर चिकटवलेले होते हे ओळखू येईनासं झालं की थांबायचं. वरून मेण. या कामाला कंटाळा करू नये. दहा मिनिटांचं काम वाटलं तरी अर्धा तास धरावा.

मेण मुरवताना एक चूक मी केली ती सांगतो. आकार दिलेलं म्यान वरून कोरडं वाटलं, म्हणून थेट गरम भट्टीत ठेवलं. आत ओल होती. काही मिनिटांत तोंडाकडचा भाग वळला, आखडला आणि गार झाल्यावर बिस्किटासारखा मोडला. वर दिलेली 75 ते 85 अंशांची मर्यादा ओल्या चामड्याची आहे. पूर्ण सुकलेलं चामडं त्याहून बरीच जास्त उष्णता सोसतं. मधमाश्यांचं मेण 62 ते 64 अंशांना वितळतं, म्हणजे काम थोडक्या फरकात चालतं. म्यान दोनतीन दिवस सावलीत सुकू द्या, मग 70 अंशांच्या आसपास ठेवून मेण पाजा.

तेलांबद्दल थोडक्यात. गुरांच्या पायांच्या हाडांपासून काढलेलं तेल चामडं मऊ करतं. पट्ट्याला ते हवं, म्यानाला नको, कारण मऊ म्यानात सुरीचं टोक कुठेही घुसतं. जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन कडक होतं, पण काही वर्षांनी चामडं ठिसूळ करतं. आणि त्या तेलाचा बोळा चुरगळून टाकू नका. कडक होण्याच्या क्रियेत उष्णता निघते, गोळ्यात ती कोंडते आणि बोळा आपणहून पेटू शकतो. तो पसरून वाळवावा किंवा पाण्यात बुडवून ठेवावा. अ‍ॅक्रिलिकचा थर दिसायला झकास, पण वाकण्याच्या जागी तडकतो. पितळी रिव्हेटभोवती जमणारा हिरवा चिकटा म्हणजे मेण-तेलातली मेदाम्लं आणि तांबं यांचा साबण. पुसून टाकला की झालं.

पोलादाचं प्रकरण वेगळं आहे. टॅनिन आणि लोह ओलाव्यात भेटले की निळसर काळा रंग तयार होतो, जुन्या काळी शाई करत तीच ही क्रिया. ओल्या चामड्यात कार्बन पोलादाची उघडी सुरी ठेवून आकार दिला, तर म्यानाच्या आत पात्याची काळी सावली कायमची उमटते आणि पात्यावरही डाग पडतात. सुरीला प्लास्टिकचा पातळ कागद घट्ट गुंडाळला की हे टळतं.

हे सगळं करूनही म्यानाचं तोंड उघडंच असतं. ओली सुरी आत जाते, तिच्यासोबत पाणी जातं, आणि बाहेरून मेणाने बंद केलेल्या म्यानातून ते लवकर निघत नाही. जितकं चोख जलरोधन, तितका आतला ओलावा टिकाऊ. म्हणून सुरी पुसून ठेवायची, घरी आलं की बाहेर काढून वेगळी ठेवायची. आणि हल्ली मी म्यानाच्या खालच्या टोकाशी, शिवणीच्या आत, मुद्दाम एक 3 मिलिमीटरचं भोक पाडतो. ते तरी कडेला मेण लावूनच.