तुमची प्लेट, रिटेनर, अलायनर किती टिकेल? प्लास्टिक कसं तपासतो ते वाचा

दात सरळ करायच्या प्लेट, अलायनर (दात सरकवणारं पारदर्शक कव्हर) आणि रिटेनर (सरळ झालेले दात जागेवर धरून ठेवणारं) बनवणाऱ्या जळगावच्या आमच्या लॅबमध्ये रोज विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, भाऊ हे किती वर्षं टिकेल? इकडचे बरेच पेशंट शेतकरी घरातले, ते म्हणतात शेतातली ड्रीपची नळी उन्हात पडून वर्षानुवर्षं चालते मग तोंडातली एवढीशी प्लेट लवकर का बदलायची. प्रश्न रास्त आहे. ड्रीपच्या नळीत कार्बन ब्लॅक (काजळीसारखी काळी पावडर) घातलेला असतो, म्हणूनच ती काळी दिसते, आणि ती ऊन सोसायलाच बनवलेली असते. तोंडात ऊन नाही, पण सतत ओल आहे, ३७ डिग्रीची ऊब आहे, चावण्याचा दाब आहे, आणि गरम चहावर लगेच थंडगार ताक आहे. त्यामुळे तोंडातल्या प्लास्टिकची परीक्षा वेगळी घ्यावी लागते.

पहिली गोष्ट लक्षात ठेवा, तुटलं तरच खराब झालं असं नाही. बहुतेक वेळा प्लास्टिक आधी सैल पडतं, तुटतं नंतर, किंवा तुटतच नाही. पेशंट म्हणतो अख्खं आहे ना मग चालू द्या, आणि तेवढ्यात दात हळूहळू सरकायला लागतात. आम्हाला खरी काळजी याची वाटते, म्हणून हे पत्रक.

आता तपासणी. वायरवाली जी गुलाबी किंवा रंगीत प्लेट असते ती ॲक्रिलिकची, पावडर आणि लिक्विड मिसळून बनते. या मटेरियलसाठी आयएसओ २०७९५ भाग २ असं आंतरराष्ट्रीय मानक आहे (२०१३ चं). त्यात ६४ मिमी लांब, १० मिमी रुंद आणि ३.३ मिमी जाड पट्टी बनवतात, ३७ डिग्रीच्या पाण्यात साधारण ५० तास ठेवतात, मग ५० मिमी अंतरावरच्या दोन आधारांवर ठेवून मधोमध दाबत नेतात, तेही पाण्यातच, कारण तुमचं तोंड काही कोरडं नसतं. पट्टीनं किमान ५० मेगापास्कल (ताण मोजायचं एकक) सोसले पाहिजेत. शिवाय तिनं किती पाणी पिलं, पाण्यात तिचं किती विरघळलं आणि कच्चं लिक्विड (मोनोमर) किती उरलं हेही बघतात, उरलेलं मोनोमर ५ टक्क्यांच्या वर चालत नाही. ही मोठी मशीन आमच्याकडे नाही, ही टेस्ट मटेरियल बनवणारी कंपनी करते, आम्ही तिचा रिपोर्ट बघूनच माल घेतो आणि बिलासोबत बॅच नंबर लिहून ठेवतो.

पण रिपोर्ट चांगला असला तरी प्लेट खराब निघू शकते, कारण मटेरियल आणि प्लेट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पावडर-लिक्विड घाईत मिसळलं, प्रेशर पॉटमध्ये (दाबाखाली घट्ट करायच्या भांड्यात) ठेवलं नाही, की आत बारीक बुडबुडे राहतात, वरून पॉलिश केलं की दिसत नाहीत, पण तडा बहुतेक तिथूनच सुरू होतो. म्हणून प्रत्येक प्लेट आम्ही खिडकीच्या उजेडात धरून फिरवून बघतो. बुडबुडा दिसला तर ती प्लेट बाहेर जात नाही. आणि तयार प्लेट एक दिवस पाण्यात ठेवूनच पाठवतो, म्हणजे उरलेलं मोनोमर बरंचसं निघून जातं, नाहीतर काही जणांच्या हिरड्या आणि टाळू चुरचुरतो. डॉक्टर उद्याच द्या म्हणाले तरी एक दिवस लागतो तो यासाठी, प्लीज समजून घ्या.

पारदर्शक अलायनर आणि रिटेनरचं गणित वेगळं. ही शीट असते, पीईटीजी किंवा पॉलियुरेथेन या प्लास्टिकची, तापवून तुमच्या दातांच्या मॉडेलवर ओढतात. १ मिमीची शीट ओढल्यावर १ मिमी राहत नाही, दातांच्या बाजूंना ती पातळ होते, कुठे कुठे तर पाऊण मिमीच्याही खाली. म्हणून जाडी ओढल्यानंतर मोजायची असते, आधी मोजून उपयोग नाही, आम्ही गेज लावून दोन-चार ठिकाणी बघतो. ह्या प्लास्टिकचा दुसरा गुण म्हणजे वाकवून धरलं की त्याचा जोर कमी कमी होत जातो. प्रयोगशाळेत पट्टी ठराविक वाकवून ३७ डिग्रीच्या पाण्यात ठेवतात आणि जोर मोजत राहतात, त्यातली मोठी घसरण पहिल्या २४ तासांतच होते, आणि कोरड्यापेक्षा ओल्यात जास्त. अलायनर एक-दोन आठवड्यांनी बदलायला सांगतात त्याचं हेही एक कारण. पैसे वाचवायला एकच अलायनर महिनाभर घातला तर दाताला जोरच मिळत नाही, नुसतं कव्हर घातल्यासारखं होतं.

अजून एक टेस्ट असते, ५ डिग्री आणि ५५ डिग्रीच्या पाण्यात आलटून पालटून बुडवायची. १०,००० वेळा बुडवलं की तोंडातलं साधारण एक वर्ष झालं असं पुष्कळ संशोधक धरतात. तो अंदाज आहे, गॅरंटी नाही.

आता आपल्या खान्देशाचं सांगायलाच हवं. एप्रिल-मे मध्ये जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या आसपास जातो, मग बंद कारच्या डॅशबोर्डवर किंवा गाडीच्या डिकीत किती होत असेल विचार करा. पीईटीजी ८० डिग्रीच्या आसपास मऊ होतं, पण वाकडं व्हायला तेवढंही लागत नाही, ओझ्याखाली बराच वेळ तापलं की आकार सुटतो. डबी नेहमी बॅगेत ठेवा, गाडीत नाही. जंतू मारायला उकळत्या पाण्यात तर कधीच टाकू नका, साधं पाणी, मऊ ब्रश आणि थोडा लिक्विड साबण बस झाला. टूथपेस्टनं बारीक ओरखडे पडतात आणि त्यात घाण बसते. शेवभाजी, भरीत खाताना अलायनर काढून ठेवा, हळदीचा पिवळा रंग आणि तर्रीचं तेल प्लास्टिकमध्ये शिरलं की निघत नाही, पॉलियुरेथेनमध्ये तर फार लवकर शिरतं. पिवळेपणा आला म्हणून अलायनर कमकुवत झाला असं नाही, फक्त दिसायला वाईट. चहा पिताना घातलेला असेल तर मात्र रंग, साखर आणि उष्णता तिन्ही एकदम.

ॲक्रिलिकची प्लेट काढून ठेवली की पाण्यात ठेवा, सुकली की आकसते आणि मग बसत नाही. अल्कोहोलवालं माउथवॉश तिच्यावर वापरू नका, बारीक भेगा पडतात. महिन्यातून एकदा तुम्हीच उजेडात बघा, वायर जिथे ॲक्रिलिकमध्ये शिरते तिथे केसासारखी पांढरी रेघ दिसली तर ती भेगेची सुरुवात आहे, दुखत नसलं तरी डॉक्टरांना दाखवा. घालताना-काढताना दोन्ही बाजूंनी मागच्या दाढांपाशी धरा, एकाच बाजूनं ओढायची सवय असते बऱ्याच मुलांना, आणि चावून बसवायचीही, तिथेच प्लास्टिक थकतं.

तुटलीच तर फेव्हीक्विक लावू नका. जोडताना एका केसाएवढा फरक पडला तरी ती दाताला चुकीच्या दिशेनं ढकलते, शिवाय तो गोंद खरवडून काढल्याशिवाय आम्हाला नीट जोडता येत नाही. सगळे तुकडे, छोटासा असला तरी, आणि सोबत दिलेलं प्लास्टरचं मॉडेल घेऊन डॉक्टरांकडे जा. धुळे, चोपडा, शिरपूरच्या पेशंटना इकडे यायची गरज नाही, डॉक्टर पार्सल पाठवतात. मॉडेल नसेल तर माप परत घ्यावं लागतं आणि खर्च वाढतो, म्हणून ते लहान मुलांच्या हाताला लागणार नाही अशा ठिकाणी ठेवा.