एलिमिनेटर ते अ‍ॅव्हेंजर: इंजिनं बदलली, बैठक राहिली

पुण्याच्या बजाज ऑटोची अ‍ॅव्हेंजर ही मोटरसायकल रस्त्यावर येऊन वीस वर्षं होऊन गेली. एवढ्या काळात तिच्या पोटात १८०, २००, २२०, १५०, १६० सीसी अशी कितीतरी इंजिनं आली आणि गेली. गोल हेडलाइटचा चेहरा बदलला, क्रोमची जागा काही ठिकाणी काळ्या रंगाने घेतली. बदलली नाही ती बसण्याची तऱ्हा: सीट खाली, पाय पुढे पसरलेले, हात सैल. ही बैठक बजाजच्या आकुर्डीत जन्मलेली नाही. तिचा माग काढत गेलं की आपण १९८५च्या जपानमध्ये पोचतो, आणि तिथून अमेरिकेतल्या ड्रॅग रेसच्या पट्टीवर.

ड्रॅग रेस म्हणजे पाव मैलाची सरळ पट्टी. दोन गाड्या एकदम सुटतात, हरते ती बाद. या शर्यतींच्या गटांना ‘एलिमिनेटर’ म्हणायची पद्धत होती. कावासाकीने १९८५ साली आणलेल्या झेडएल९०० या गाडीला तेच नाव दिलं. त्याच्या आदल्याच वर्षी कंपनीची जीपीझेड९००आर, म्हणजे पहिली निन्जा, आली होती. तिचं ९०८ सीसीचं, पाण्याने थंड होणारं चार सिलिंडरचं इंजिन उचलून एका लांबट, बुटक्या सांगाड्यात बसवलं. मागचं चाक फिरवायला साखळी काढून शाफ्ट, म्हणजे फिरता दांडा, दिला. इंजिनचा जोर वरच्या फेऱ्यांऐवजी मधल्या फेऱ्यांत मिळावा म्हणून अश्वशक्ती थोडी कमी केली. बाकीच्या जपानी कंपन्या तेव्हा हार्लेसारखा व्ही-ट्विन (‘व्ही’ आकारात बसवलेले दोन सिलिंडर) आणि भरपूर क्रोम या वाटेने क्रूझर, म्हणजे आरामात रेलून चालवायच्या गाड्या, बनवत होत्या. एलिमिनेटरने ती वाट धरली नाही. तिचं रूप शर्यतीच्या गाडीचंच होतं, फक्त आरामात मागे रेललेलं. यामाहाची व्ही-मॅक्सही त्याच वर्षी आली. ‘पॉवर क्रूझर’ हा प्रकार या दोघींनी रुजवला असं म्हणायला हरकत नाही.

मोठी एलिमिनेटर दिमाखदार खरी, पण या घराण्याचा वंश वाढला तो मधल्या आकाराच्या गाड्यांतून. जपानमध्ये मधल्या दर्जाच्या परवान्यावर ४०० सीसीपर्यंतची मोटरसायकल चालवता येते. त्याहून मोठी हवी असेल तर वेगळा परवाना लागतो, आणि त्या काळी तो मिळवणं फार अवघड होतं. त्यामुळे जपानी तरुणांसाठी ४०० सीसी हीच ‘मोठी गाडी’ होती. १९८६मध्ये एलिमिनेटर ४०० आली ती या गणितातून. बाहेरच्या देशांसाठी तिची ६०० सीसीची बहीण होती. १९८७मध्ये २५० आली, दोन सिलिंडरची. प्रत्येक वेळी कृती तीच: घरातल्या एखाद्या वेगवान गाडीचं इंजिन घ्यायचं आणि त्याला बुटकं अंग द्यायचं.

नव्वदच्या दशकात रूप पालटलं. १९९८ची एलिमिनेटर २५०व्ही पाहिली तर ड्रॅग रेसची आठवण उरलेली दिसत नाही. व्ही-ट्विन इंजिन आणि चकचकीत क्रोम, म्हणजे जी वाट मूळ एलिमिनेटरने नाकारली होती तीच तिने अखेर धरली. याच सुमारास एका सिलिंडरची १२५ सीसीची छोटी एलिमिनेटरही आली. आपल्याकडे जी गाडी उतरली ती दिसायला आणि बांध्याला या धाकट्या पातीची.

बजाज आणि कावासाकीचं तांत्रिक सहकार्य ऐंशीच्या दशकातलं. केबी १००, फोर-एस चॅम्पियन, कॅलिबर ही नावं त्यातूनच घराघरांत पोचली. २००१ साली कावासाकी बजाज एलिमिनेटर आली: १७५ सीसीच्या आसपासचं एका सिलिंडरचं इंजिन, सुमारे १५ अश्वशक्ती, थेंबाच्या आकाराची टाकी, तिच्यावरच बसवलेला पेट्रोलचा काटा, पुढे ओढलेले फूटरेस्ट आणि मागच्याला टेकायला पाठ. बाजारात तेव्हा १०० सीसीच्या गाड्यांचं राज्य होतं आणि गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न ‘अ‍ॅव्हरेज किती?’ हाच असायचा. अशा वेळी ही गाडी भलतीच देखणी आणि तितकीच महाग होती. लोक थांबून बघायचे, पण घेणारे थोडे. त्याच वर्षी बजाजने पल्सर आणली. पुढची गोष्ट या दोन गाड्यांच्या जुळणीची आहे.

२००५मध्ये एलिमिनेटर थांबली आणि अ‍ॅव्हेंजर आली. अंग एलिमिनेटरचंच, आत पल्सर १८०चं डीटीएस-आय इंजिन. एका सिलिंडरला दोन स्पार्क प्लग, त्यामुळे पेट्रोल दोन्ही बाजूंनी पेटतं आणि जळण लवकर पुरं होतं, ही त्या इंजिनाची खासियत. मला मात्र ते इंजिन पल्सरचं होतं, हे जास्त महत्त्वाचं वाटतं. पल्सरचं इंजिन उघडता येणारा मेकॅनिक तोवर तालुक्याच्या गावातही होता आणि पार्ट कुठल्याही दुकानात मिळत होते. किंमत तर उतरलीच, शिवाय ‘बिघडली तर कुठे नेणार?’ ही धास्ती गेली. क्रूझर ही भारतात चैनीची वस्तू होती. ती रोज ऑफिसला नेता येईल अशी गाडी झाली ती इथे.

२००७मध्ये २०० सीसीचं, ऑइल कूलर असलेलं इंजिन आलं. २०१०मध्ये २२० सीसीचं, १९ अश्वशक्तीचं. दोन्ही पल्सरकडूनच घेतलेली. निन्जा आणि एलिमिनेटरचं जे नातं १९८५मध्ये होतं, तेच इथे पल्सर आणि अ‍ॅव्हेंजरचं झालं.

आता त्या बैठकीबद्दल. जुन्या अ‍ॅव्हेंजरची सीट जमिनीपासून फक्त ७१० मि.मी. उंच होती. साध्या मोटरसायकलींची साधारण ७८० ते ८०० असते. हा सात ते नऊ सेंटिमीटरचा फरक सिग्नलला कळतो: दोन्ही तळपाय जमिनीला पूर्ण टेकतात. उंचीने कमी असलेल्यांना, गाडी चालवणाऱ्या बायकांना, गुडघ्यांनी त्रासलेल्या पन्नाशीतल्या माणसांना या गाडीने जो विश्वास दिला तो कुठल्याही जाहिरातीपेक्षा मोठा होता. मागे बसणाऱ्या आईला टेकायला पाठ मिळाली, हेही काही कमी नाही. पण या बैठकीची किंमत मोजावी लागते. सीट खाली आणायची तर मागच्या शॉकअपला खालीवर व्हायला जागा कमी उरते. त्यात पाय पुढे असल्यामुळे खड्डा दिसला तरी फूटरेस्टवर जोर देऊन बूड उचलता येत नाही. सगळा गचका माकडहाडात जातो. चांगल्या हायवेवर राणी असलेली ही गाडी पावसाळ्यातल्या घाटरस्त्यावर कंबर का मोडते, याचं उत्तर तिच्या रचनेतच आहे.

ऑक्टोबर २०१५मध्ये बजाजने या गाडीचे दोन चेहरे केले, आणि माझ्या मते एलिमिनेटरनंतरचा हा सर्वांत धाडसी निर्णय. क्रूझ २२०मध्ये स्पोकची चाकं, क्रोम, मोठी काच, मागे वळलेलं हँडल आणि पाठ राहिली. स्ट्रीट २२० आणि स्ट्रीट १५० मात्र काळ्या रंगाच्या, अलॉय चाकांच्या, सपाट हँडलच्या. ‘काकांची गाडी’ म्हणून अ‍ॅव्हेंजरकडे न बघणारी कॉलेजची पोरं स्ट्रीट घेऊ लागली आणि विक्री काही पटींनी वाढली. सीटही पुढे वर सरकत ७३७ मि.मी. झाली, दोन चाकांमधलं अंतर थोडं वाढून १४९० मि.मी. झालं. पुढचं चाक १७ इंची आणि मागचं जाड टायरचं १५ इंची, ही जोडी मात्र कायम राहिली.

नंतरचे बदल बरेचसे नियमांनी आणि बाजाराने करवून घेतलेले. २०१८मध्ये १५०च्या जागी १८०, २०१९मध्ये एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक लावला तरी चाक अडकू न देणारी सोय, आणि १८०च्या जागी १६०. एप्रिल २०२०पासून प्रदूषणाचा बीएस-६ हा नियम लागू झाला तसा कार्बोरेटर जाऊन फ्यूएल इंजेक्शन आलं. बंद झालेली स्ट्रीट २२० लोकांच्या मागणीवर २०२३मध्ये परतली.

या काळात एक उणीव उघडी पडली. नोव्हेंबर २०२०मध्ये रॉयल एनफील्डची मीटिऑर ३५० आली, २७ न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे इंजिनाचा पिळाचा जोर, मिनिटाला अवघ्या ४००० फेऱ्यांना देणारी. अ‍ॅव्हेंजर २२०चा टॉर्क साडेसतरा, आणि तोही ७००० फेऱ्यांना. उसन्या इंजिनाचा हा जुना पेच आहे. पल्सरचं इंजिन पळायला बनवलेलं, क्रूझरला हवा असतो हळू चालीतला दम. गिअर न बदलता चढ चढवायचा झाला की हा फरक मनगटाला जाणवतो. बजाजने या गाडीसाठी स्वतंत्र, संथ फेऱ्यांचं इंजिन कधीच बनवलं नाही याची मला मनापासून खंत आहे. तो सांगाडा त्या लायकीचा होता.

बजाज आणि कावासाकीची विक्रीतली भागीदारी २०१७मध्ये संपली. त्यानंतर, २०२३च्या मार्चमध्ये कावासाकीने जपानमध्ये एलिमिनेटर हे नाव पुन्हा बाहेर काढलं. या वेळी क्रोमचं वळण सोडून मूळ झेडएलकडे नजर होती: आडवी सरळ टाकी, छोटी शेपटी, काळं अंग. इंजिन निन्जा ४००चं, जपानी परवान्याच्या जुन्याच मर्यादेत बसणारं ३९८ सीसी. एका प्रकारात तर पुढेमागे कॅमेरे कंपनीतूनच बसवून आले. बाहेरच्या देशांसाठी ४५१ सीसीचं इंजिन घातलेली गाडी जानेवारी २०२४मध्ये भारतातही आली, ५ लाख ६२ हजारांना. चार अ‍ॅव्हेंजर दारात उभ्या राहतील एवढ्या पैशांत जवळपास.

त्या नव्या एलिमिनेटरची सीट ७३५ मि.मी. उंचीवर आहे. अ‍ॅव्हेंजरची ७३७.