छोटी गाडी, दुप्पट ताकद आणि जळगावचा मे महिना

इंजिनाची ताकद वाढवायची म्हणजे पेट्रोल जास्त सोडायचे, असा समज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात पेट्रोल वाढवणे सोपे आहे. पेट्रोल फवारणारी तोटी, म्हणजे इंजेक्टर, थोडा अधिक वेळ उघडा ठेवला की झाले. अडते ते हवेपाशी. १ ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते आणि सिलिंडरमध्ये जेवढी हवा शिरेल तेवढेच पेट्रोल कामी येते. म्हणून जळगाव-धुळ्याच्या रस्त्यांवर जागोजागी दिसणाऱ्या १.२ लिटरच्या हॅचबॅकची ताकद दुप्पट करायची झाल्यास पहिला हिशेब हवेच्या वजनाचा मांडावा लागतो.

मिनिटाला ६,००० फेरे घेणारे हे इंजिन दर दोन फेऱ्यांना एकदा, म्हणजे सेकंदाला सुमारे ६० लिटर हवा ओढते. समुद्रसपाटीला १५ अंश तापमानात १ घनमीटर हवेचे वजन १.२२५ किलो भरते. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेलेल्या जळगावात ते १.१ किलोच्याही किंचित खाली येते. सिलिंडर पूर्ण भरत नाही हे धरले, तर सेकंदाला साधारण ६० ग्रॅम हवा आणि तिच्या जोडीला ४ ग्रॅम पेट्रोल. त्यातून सुमारे १७५ किलोवॉट उष्णता निर्माण होते, पण चाकांकडे जाण्यासाठी तिचा जेमतेम तिसरा हिस्सा, म्हणजे ८० अश्वशक्तीच्या आसपास, हाती लागतो. बाकीचे दोन हिस्से सायलेन्सरमधून आणि रेडिएटरमधून वाया जातात. पुढची सगळी गोष्ट या दोन हिश्श्यांची आहे.

फेरे वाढवून ताकद मिळते, पण पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या दांड्यावरचा, म्हणजे कनेक्टिंग रॉडवरचा ताण फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ६,००० चे ८,००० केले की तो पावणेदोन पटींहून अधिक होतो. त्यामुळे बहुतेक जण वळतात ते टर्बोकडे. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने १९०५ साली या कल्पनेचे पेटंट घेतले. बाहेर जाणाऱ्या गरम धुराने एक छोटे चक्र मिनिटाला लाखाहून अधिक वेळा फिरवायचे आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चक्राने बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबायची. वाया जाणाऱ्या उष्णतेतून काही वसूल करणारी ही युक्ती मला आजही इंजिनशास्त्रातली सर्वांत देखणी वाटते.

मात्र सायकलच्या पंपाचे टोक जसे हवा भरताना तापते, तशी दाबलेली हवा तापते आणि तापलेली हवा विरळ होते. ताकद दुप्पट करण्यासाठी हवा वातावरणाच्या सुमारे २.२ पट दाबावी लागेल. ४५ अंशांची हवा इतकी दाबली की टर्बोतून ती साधारण १६० अंशांवर बाहेर पडते. म्हणून बंपरच्या मागे इंटरकूलर बसवतात, म्हणजे हवेने हवा गार करणारी जाळी. चांगला इंटरकूलर तापमान ८० अंशांपर्यंत उतरवतो आणि तेव्हा कुठे सिलिंडरमध्ये दुप्पट वजनाची हवा पोहोचते. ८० अंशांच्या खाली फार जाता येत नाही, कारण गार करणारी बाहेरची हवाच ४५ अंशांची आहे.

खरा धोका येथून सुरू होतो. सिलिंडरमध्ये मिश्रण पुन्हा दाबले जाते, तेव्हा आत शिरताना असलेला १ अंशाचा फरक दाबाच्या शेवटी २ अंशांहून मोठा झालेला असतो. मिश्रण प्रमाणाबाहेर तापले, की प्लगच्या ठिणगीने पेटलेली ज्योत कडेपर्यंत पोहोचण्याआधीच कोपऱ्यातले उरलेले मिश्रण आपोआप भडकते आणि दाबाच्या लाटा पिस्टनच्या माथ्यावर आदळतात. गॅरेजमध्ये यालाच नॉकिंग म्हणतात. हलके नॉकिंग टकटक आवाजाने कळते, पण जास्त फेऱ्यांवर ते इतर आवाजांत बुडून जाते. जाणता मिस्त्री अशा वेळी प्लग काढून उन्हात धरतो. पांढऱ्या चिनीमातीवर मिरपुडीसारखे काळे ठिपके किंवा ॲल्युमिनियमचे चमकते कण दिसले, तर ते पिस्टनचेच तुकडे आहेत हे त्याला सांगावे लागत नाही. हेड, म्हणजे सिलिंडरवरचे झाकण, खोलल्यावर पिस्टनची कड टोचून काढल्यासारखी खडबडीत दिसते आणि पुष्कळदा दोन रिंगांमधला पातळ कठडा तुटलेला सापडतो.

यावरचे उपाय एकमेकांत गुंतलेले आहेत. कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे सिलिंडरमध्ये मिश्रण किती पट दाबले जाते तो आकडा, ११ वरून ९ वर आणला तर नॉकिंग टळते, पण टर्बो जोर धरेपर्यंत गाडी आधीपेक्षा मंद वाटते. ठिणगी उशिरा दिली तर धूर अधिक गरम होऊन टर्बोच तापतो. इथेनॉल मात्र दोन्हीकडून मदत करते: त्याचा ऑक्टेन आकडा, म्हणजे नॉकिंगला दाद न देण्याचे माप, १०८ च्या आसपास आहे आणि वाफ होताना ते पेट्रोलच्या दुपटीहून अधिक उष्णता शोषते. तोटा एवढाच की त्याच्या एका लिटरमध्ये ऊर्जा एक तृतीयांशाने कमी असल्याने इंजेक्टर आणि पंप आणखी मोठे लागतात.

रेडिएटरचा हिशेब त्याहून निष्ठुर आहे. दुप्पट ताकदीला दुप्पट उष्णता बाहेर टाकायची असते, आणि रेडिएटर किती उष्णता टाकेल हे पाणी व बाहेरची हवा यांच्या तापमानातील फरकावर ठरते. पाणी ९५ अंशांवर असेल तर डिसेंबरातल्या २० अंशांच्या हवेत हा फरक ७५ अंशांचा, मे महिन्यात ५० अंशांचा. तोच रेडिएटर उन्हाळ्यात दोन तृतीयांश काम करतो. चाळीसगावहून कन्नडचा घाट खालच्या गिअरमध्ये चढताना समोरून वाराही कमी मिळतो. थंड देशात जमलेला टर्बो-किट जसाच्या तसा येथे बसवला की हेड गॅस्केट, म्हणजे हेड आणि इंजिन यांच्यामधली सांधा बंद करणारी चकती, उडते, ते यामुळे. हे सारे निभावले तरी १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आहेच. नोंदणी पुस्तकातला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी जुळेनासा होईल, असा बदल गाडीत करता येत नाही. असे प्रयोग बंद ट्रॅकवरच्या शर्यतीच्या गाड्यांसाठीच योग्य होत.

इतके करून मिळते काय? प्रवेग जबरदस्त वाढतो, पण सर्वोच्च वेग तितका नाही, कारण हवेचा अडथळा तोडायला लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. ताकद दुप्पट झाली की वेग फक्त २६ टक्क्यांनी वाढतो. ताशी १६० किलोमीटरची गाडी २०० वर जाते. त्या वेगाला थांबवायची ऊर्जा मात्र दीडपटीहून अधिक होते, म्हणून ब्रेकच्या डिस्क मोठ्या घ्याव्या लागतात आणि त्या मावण्यासाठी रिमही मोठे. टायरही बदलावेच लागतात, कारण छोट्या गाड्यांच्या टायरवर पुष्कळदा ‘टी’ हे वेगाचे अक्षर असते आणि त्याची मर्यादा ताशी १९० किलोमीटरवर संपते.