सरहद्दीवरील लढाया आणि तत्कालीन वृत्तपत्रे (अमेरिका)

उत्तर अमेरिकेतील इंग्रज वसाहती, आणि स्वातंत्र्यानंतर संयुक्त संस्थाने, पश्चिमेकडे सरकत गेली तसतशा मूलनिवासी राष्ट्रांशी त्यांच्या लढाया झाल्या. त्यांची जी हकीकत त्या काळच्या वृत्तपत्रांत छापली गेली, ते इतिहासाचे मोलाचे साधन आहे. मात्र छपाईचे खिळे, शाई, छापखाना आणि टपाल ही सगळी सामग्री एकाच बाजूच्या हाती होती, हे वाचणाऱ्याने क्षणभरही विसरू नये.

लढाई आणि वृत्तपत्र यांची सांगड अगदी पहिल्या अंकापासूनची. बेंजामिन हॅरिसने २५ सप्टेंबर १६९० रोजी बॉस्टनमध्ये ‘पब्लिक ऑकरन्सेस’ काढले. तीन पाने छापलेली, चौथे कोरे. इंग्रजांचे दोस्त असलेल्या मोहॉक या मूलनिवासी राष्ट्राने फ्रेंच कैद्यांचे हाल केल्याबद्दल त्यात कडक शब्द होते. विनापरवाना निघालेले हे पत्र सरकारने चार दिवसांत बंद पाडले. दुसरा अंक निघालाच नाही.

पुढील शतकात बातमी मुख्यतः पत्रांतून येई. किल्ल्यावरचा एखादा अधिकारी किंवा व्यापारी शहरातल्या स्नेह्याला लिही, स्नेही ते पत्र मुद्रकाला देई आणि ‘एका सद्गृहस्थाच्या पत्रातील उतारा’ म्हणून ते छापले जाई. लिहिणाऱ्याचे नाव बहुधा नसे. एका गावचा अंक दुसऱ्या गावच्या मुद्रकाकडे जाई आणि तोच मजकूर पुन्हा जुळवला जाई. १७९२ च्या टपाल कायद्याने मुद्रकांमधील ही अंकांची देवाणघेवाण विनामूल्य ठेवली. त्यामुळे एकच अफवा चार गावांच्या पत्रांत दिसली, तरी ती चार साक्षी ठरत नाही. खुद्द सरहद्दीवर पिट्सबर्गला १७८६ मध्ये, लेक्सिंग्टनला १७८७ मध्ये आणि सिनसिनाटीला १७९३ मध्ये वृत्तपत्रे सुरू झाली.

मार्च-एप्रिल १७८२ मधील दोन घटना शेजारी ठेवल्या की या साधनाची खरी परीक्षा होते. ८ मार्चला ओहायो प्रदेशातील ग्नाडेनह्युटन येथे पेनसिल्व्हेनियाच्या नागरी पलटणीने डेलावेअर या मूलनिवासी राष्ट्रातील ९६ ख्रिस्ती लोकांना बांधून ठार मारले. त्यांत ३९ मुले होती. दोन मुलगे तेवढे निसटले. एप्रिलमध्ये फिलाडेल्फियात छापलेल्या वृत्तात मात्र ही एक यशस्वी मोहीम होती. मारलेल्यांपैकी काहींना योद्धे म्हटले होते, आणि हाती लागलेले घोडे व कातडी यांचा हिशेब दिला होता. त्याच सुमारास पॅरिसजवळ पासी येथे अमेरिकेचा फ्रान्समधील वकील बेंजामिन फ्रँकलिनने आपल्या खासगी छापखान्यात बॉस्टनच्या एका वृत्तपत्राची बनावट पुरवणी छापली. तिच्यावरची तारीख होती १२ मार्च. सेनेका या मूलनिवासी राष्ट्राच्या योद्ध्यांनी इंग्रजांसाठी गोळा केलेल्या वसाहतकारांच्या टाळूंच्या (डोक्यावरून केसांसह सोललेल्या कातडीच्या) आठ गाठोड्यांचे वर्णन तिच्यात होते, आणि ते खरे वाटावे म्हणून सोबत खोट्या जाहिरातीही होत्या. ही कल्पित क्रूरता पुढे अनेक वर्षे खरी बातमी म्हणून पुनर्मुद्रित होत राहिली. ग्नाडेनह्युटनच्या मुलांच्या वाट्याला इतकी शाई आली नाही, आणि हे नोंदवताना तटस्थ राहणे अवघड आहे.

४ नोव्हेंबर १७९१ रोजी पहाटे वाबाश नदीच्या उगमाजवळ मायामी राष्ट्राचा लिटल टर्टल आणि शॉनी राष्ट्राचा ब्लू जॅकेट यांच्या सैन्याने जनरल आर्थर सेंट क्लेअरची छावणी उद्ध्वस्त केली. सहाशेहून अधिक अमेरिकन सैनिक पडले. मूलनिवासींच्या हातून अमेरिकेच्या सैन्याचा झालेला हा सर्वांत मोठा पराभव. डिसेंबरमध्ये पूर्वेकडील पत्रांतून सेंट क्लेअरचा अहवाल आला. बॉस्टनच्या एका मुद्रकाने एकपानी पत्रक काढले. त्यावर पडलेल्या ३९ अधिकाऱ्यांसाठी काळ्या शवपेट्यांच्या ओळी छापल्या होत्या. वृत्तपत्रांतून युद्धाच्या न्याय्यतेवरच टीका होऊ लागली, तेव्हा युद्धमंत्री हेन्री नॉक्सला जानेवारी १७९२ मध्ये शत्रुत्वाच्या कारणांचे निवेदन प्रसिद्ध करावे लागले. त्या शवपेट्यांत समोरच्या बाजूच्या मृतांसाठी एकही नव्हती.

२१ फेब्रुवारी १८२८ रोजी जॉर्जियातील न्यू इकोटा येथे ‘चेरोकी फीनिक्स’ निघाले. एलायस बुडिनॉट संपादक होता आणि सेक्वोया या चेरोकी गृहस्थाने तयार केलेल्या चेरोकी लिपीचे खिळे त्यासाठी मुद्दाम ओतून घेतले होते. मूलनिवासी राष्ट्राने स्वतः चालवलेले हे पहिले वृत्तपत्र. १८३५ मध्ये जॉर्जियाच्या शिपायांनी त्याचा छापखाना जप्त केला.