नव्या इंटरनेट सेवा आणि खानदेश

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांत नव्या इंटरनेट सेवांना आणि तंत्रव्यवसायाच्या बातम्यांना मिळालेला प्रतिसाद. नवे ॲप, वाढलेला रिचार्ज, एखाद्या कंपनीचा तिमाही निकाल यांची चर्चा इथे बाजार समितीच्या ओट्यावर आणि एस. टी. स्टँडसमोरच्या टपरीवर होत आली. आता ती बरीचशी व्हॉट्सॲपच्या ग्रुपांवर गेली आहे. अहिराणीत तिचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘आठे चालस का भो?’ म्हणजे, इथे चालतं का? हा प्रश्न अडाणीपणाचा मानणे चूक ठरेल. सेवा बनवणाऱ्याने रेंज, वीज, भाषा आणि खिशातला पैसा गृहीत धरलेला असतो. तो हिशेब आपल्या गावाला लागू पडतो की नाही, हे वापरणाऱ्यालाच पाहावे लागते.

तंत्रव्यवसायाची बातमी घरची वाटावी असे एक गाव खानदेशात आहे : अमळनेर. २९ डिसेंबर १९४५ रोजी मोहम्मद हाशम प्रेमजी यांनी इथे वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही वनस्पती तुपाची कंपनी सुरू केली. १९६६ मध्ये त्यांच्या निधनानंतर मुलगा अझीम प्रेमजी यांनी ती हाती घेतली. १९८० नंतर कंपनी संगणकांकडे वळली आणि विप्रो या नावाने जगभर गेली. ऑक्टोबर २००० मध्ये तिची न्यूयॉर्क शेअर बाजारात नोंदणी झाली. सुरुवातीच्या काळात गावातल्या अनेक कुटुंबांनी तिचे शेअर घेतले होते. ते पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले गेले. थोडे शेअर मोडून लेकीचे लग्न केले, घर बांधले, अशा आठवणी अमळनेरात आजही ऐकायला मिळतात. त्यामुळे डिसेंबर २०२४ मध्ये एकास एक बोनस शेअर (हातातल्या प्रत्येक शेअरमागे एक मोफत) मिळाले, तेव्हा ती बातमी इथे अर्थवार्तेपेक्षा वाड्यातल्या वाटणीसारखी वाचली गेली तर नवल नाही. मात्र कंपनीचे भागधारक असणे आणि तिने घडवलेल्या जगाची सोय दारात येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अमळनेरच्या आसपासच्या खेड्यांनी इंटरनेटची वाट इतर खेड्यांइतकीच पाहिली.

देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने मोठ्या शहरांत सुरू केले. जळगाव-धुळ्याच्या बहुतेकांना ते प्रथम भेटले सायबर कॅफेत : बोर्डाचा निकाल, नोकरीचा अर्ज, आणि ऑगस्ट २००२ पासून रेल्वेचे तिकीट. २००५ मध्ये बीएसएनएलने ब्रॉडबँड आणले. त्याचा किमान वेग २५६ केबीपीएस होता आणि तेव्हा तो भरपूर वाटत असे.

यानंतरची एक मोठी सेवा मात्र खानदेशातच सुरू झाली. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील शहादा तालुक्यात, टेंभली या गावी पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी यांच्या हस्ते देशातले पहिले आधार क्रमांक दिले गेले. गावातल्या दहा रहिवाशांना ते मिळाले. पहिला क्रमांक एका आदिवासी महिलेचा होता. पुढे वार्ताहर टेंभलीला परत परत गेले तेव्हा, नंबर मिळाला पण रोजगार कुठे आहे, हीच तक्रार त्यांच्या कानी पडली. नव्या सेवेवर खानदेशाने दिलेल्या प्रतिसादांत हा सर्वांत स्पष्ट आहे, आणि तो गांभीर्याने घ्यायला हवा.

आधारचा परिणाम सहा वर्षांनी वेगळ्याच ठिकाणी दिसला. ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची सेवा सुरू झाली आणि मार्च २०१७ अखेरपर्यंत डेटा फुकट राहिला. सिमसाठी लागणारी ओळखपडताळणी आधार क्रमांक आणि अंगठा यांवर मिनिटांत होऊ लागली, म्हणून दुकानांपुढच्या रांगा भराभर पुढे सरकल्या. (खाजगी कंपन्यांच्या या वापराला सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये आवर घातला.) त्याच सुमारास, नोव्हेंबर २०१६ च्या नोटाबंदीनंतर, यूपीआयचा क्यूआर कोड आधी शहरांतल्या दुकानांत आणि मग आठवडी बाजारातल्या हातगाडीवर चिकटवलेला दिसू लागला. स्वस्त डेटाचे स्वागत खानदेशाने मनापासून केले. जुलै २०२४ मध्ये खाजगी कंपन्यांनी दर वाढवल्यावर बीएसएनएलकडे वळण्याची भाषाही तितक्याच जोरात झाली. सातपुड्यात गोष्ट निराळी होती. धडगाव आणि अक्कलकुव्याच्या डोंगरपाड्यांत रेंज एखाद्या टेकडीवरच मिळे, आणि २०२० मध्ये शाळा ऑनलाइन झाल्या तेव्हा तिथल्या मुलांची शाळा बुडाली.

केळीच्या पट्ट्यात, म्हणजे रावेर, यावल, चोपडा भागात, फोनची किंमत बागायतदाराला लगेच कळली. बऱ्हाणपूर आणि रावेर बाजाराचा भाव आधी दुसऱ्या दिवशीच्या पेपरातून किंवा व्यापाऱ्याच्या तोंडून कळायचा. आता नवती, पिलबाग आणि वापसी या केळीच्या प्रतींचे त्या दिवसाचे भाव मोबाइलवर फिरतात. जाहीर भाव आणि बांधावर प्रत्यक्ष मिळालेला भाव यांतली तफावत एका फोटोसरशी सगळ्या गावाला दिसते. बाग कापणीला आली की केळी थांबत नाही. त्यामुळे भाव कळला तरी शेतकऱ्याच्या हाती सौदा येतोच असे नाही. पण आपण फसवले जात आहोत हे त्याच दिवशी कळणे, ही लहान गोष्ट नव्हे.

खानदेशाच्या या इतिहासातले सर्वांत काळे पान राईनपाड्याचे आहे. १ जुलै २०१८ हा रविवार, बाजाराचा दिवस. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील या आदिवासी पाड्यात, मुले पळवणारी टोळी आल्याच्या संशयावरून जमावाने पाच जणांना ठेचून मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे भिक्षेकरी होते, बहुतेक सोलापूर जिल्ह्यातले. पोट भरायला गावोगाव फिरत आले होते. मुले पळवणाऱ्या टोळ्यांच्या अफवा त्याआधी काही आठवडे व्हॉट्सॲपवरून देशभर फिरत होत्या आणि इतर राज्यांतही त्यांनी बळी घेतले होते. राईनपाड्यानंतर दोनच दिवसांत केंद्र सरकारने कंपनीला जाहीर समज दिली. दहा जुलैला कंपनीने भारतातल्या वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती दिल्या आणि दुसऱ्याकडून आलेला संदेश पुढे पाठवला की त्यावर ‘फॉरवर्डेड’ असा शिक्का दिसू लागला. त्याच महिन्यात भारतात एक संदेश एका वेळी पाचच जणांना किंवा ग्रुपांना पाठवण्याची मर्यादा जाहीर झाली. जानेवारी २०१९ मध्ये ती साऱ्या जगाला लागू केली गेली. आज कुठल्याही देशातला माणूस संदेश पुढे पाठवताना पाचावर अडतो, त्यामागे राईनपाडा आणि त्या उन्हाळ्यात मारले गेलेले इतर लोक आहेत. दोष एकट्या ॲपवर टाकून भागणार नाही. फिरस्त्या समाजांकडे संशयाने पाहण्याची सवय इंटरनेटपेक्षा फार जुनी आहे. पण खातरजमा करायला जो वेळ पूर्वी आपोआप मिळत असे, तो या सेवेने काढून घेतला, हेही तितकेच खरे.

करमणुकीत खानदेशाने नवी सेवा नुसती वापरली नाही, तर स्वतःच्या मालाने भरून टाकली. अहिराणी गाणी आणि विनोदी प्रहसने आधी कॅसेट आणि सीडीवर विकली जात. शेजारच्या मालेगावात हौशी सिनेमाचा धंदाच उभा राहिला होता. यूट्यूब आणि स्वस्त डेटा एकत्र आल्यावर हा सगळा माल तिकडे गेला, आणि लग्नाच्या वरातीत वाजणारी अहिराणी गाणी खानदेशाबाहेरही पोचली. २९ जून २०२० रोजी टिकटॉकवर बंदी आली तेव्हा खेड्यापाड्यांतल्या अनेक तरुणांचा जमवलेला प्रेक्षक एका रात्रीत गेला. यूट्यूबवर त्यांना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली.

भाषेचा प्रश्न अजून सुटलेला नाही. २०११ च्या जनगणनेत खानदेशी ही मातृभाषा सांगणारे सुमारे १८.६ लाख लोक होते, आणि त्यांत मोठा वाटा अहिराणीचा. घरी अहिराणी बोलणारे कितीतरी लोक कागदावर मराठी लिहितात, हे लक्षात घेतले तर खरा आकडा यापेक्षा मोठा असणार. जून २०२४ मध्ये गूगलने आपल्या भाषांतर सेवेत ११० भाषांची भर घातली. मारवाडी, तुळू, संताली आल्या, अहिराणी आली नाही. ऑगस्ट २०१७ पासून मराठीत बोलून टाइप करता येते, पण ‘तू कथा जाई ऱ्हायना?’ (तू कुठे चालला आहेस?) असे अहिराणीत विचारले तर यंत्र त्यातून जवळचे मराठी शब्द शोधू पाहते. त्या मानाने व्हॉट्सॲपने २०१३ मध्ये आणलेला आवाजी संदेश कुणालाही शिकवावा लागला नाही. त्याला लिपी लागत नाही, कळफलक लागत नाही आणि प्रमाण भाषाही लागत नाही. सुरतेच्या उधना-लिंबायत भागात कामाला गेलेल्या मुलाला शिरपूरकडची आई बटण दाबून धरते आणि घरात बोलते तशीच बोलते.