जुन्या स्कूल बसच्या खिडक्या बदलायच्या असतील तर: आरटीओत फाइल नेमकी कुठे अडकते

जुनी स्कूल बस विकत घेऊन तिची स्वतःसाठी कॅम्पर व्हॅन, म्हणजे फिरतं घर, करायचं असेल त्यांच्यासाठी हे लिहितोय. आधी एक विनंती. मंजुरी हातात पडेपर्यंत खिडक्या कापू नका. बस घेतली, थेट गॅरेजला लावली, खिडक्या बदलून झाल्या आणि मग आरटीओची आठवण झाली, अशा क्रमाने गेलेली फाइल हमखास परत येते. तोवर खर्च झालेला असतो आणि कापलेला पत्रा पुन्हा जोडता येत नाही.

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ इथे लागू होतं. गाडीच्या रचनेत बदल होऊन तिचं मूळ स्वरूप बदलत असेल, तर नोंदणी अधिकाऱ्याची पूर्वपरवानगी हवी. फुटलेल्या काचेच्या जागी तशीच काच घालणं किंवा रबर बदलणं यात येत नाही. दोन खिडक्यांमधला खांब कापून एक मोठी खिडकी करणं मात्र नक्कीच येतं, कारण बसचं छप्पर त्या खांबांवरच उभं असतं. नुसता पत्रा मारून खिडकी बंद करणं हा बदल आहे की नाही, यावर काउंटरवर वाद घालत बसू नका. अर्जात दाखवून मोकळे व्हा. विनापरवानगी बदलाला कलम १८२-अ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

सगळ्यात जास्त लोक अडकतात ते मालकीत. आरसीवर शाळेचं नाव क्वचितच असतं, तिथे संस्थेचं नाव असतं. मुख्याध्यापकांची सही घेऊन आलेले मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि ३० म्हणूनच परत जातात. विक्रीचा ठराव आणि ज्याला सहीचा अधिकार दिला आहे त्याची सही व शिक्का, हे बसचे पैसे देण्याआधीच मागून घ्या. पैसे मिळाल्यावर संस्थेचा फोन लागेनासा होतो, हे फार जणांनी भोगलं आहे. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र घेऊन तो आधी उतरवा. परमिट असेल तर तेही संस्थेकडूनच जमा व्हायला हवं. बस दुसऱ्या राज्यातली असेल तर फॉर्म २८ची नाहरकत लागते.

पुढचा अडथळा वाहनप्रकाराचा. बस तुमच्या नावावर झाली तरी आरसीवर ती शैक्षणिक संस्थेची बसच राहते. स्कूल बसच्या खिडक्यांना आडव्या सळ्या सक्तीच्या आहेत. त्यामुळे ‘सळ्या काढून मोठी काच बसवायची आहे’ एवढाच अर्ज केला तर नकार ठरलेला. वाहनप्रकार बदलण्याची विनंती आणि खिडक्यांचा आराखडा एकत्र मांडा. केंद्राच्या ५ नोव्हेंबर २००४ च्या अधिसूचनेत खाजगी वापराची कॅम्पर व्हॅन बिगर-परिवहन (म्हणजे भाड्याने न चालवायच्या) वाहनांच्या यादीत आहे. अर्जात तिचा उल्लेख करा. तरीही ‘बसचं खाजगी होत नाही’ असं तोंडी सांगून परत पाठवलं जातं. तोंडी उत्तर घेऊन घरी येऊ नका, नकाराचं कारण लेखी मागा. खरं तर हा प्रश्न बस घेण्याआधीच कार्यालयात जाऊन विचारायचा असतो.

आता ज्याच्यासाठी सगळे डोकं धरून बसतात तो कागद, म्हणजे बॉडीचा मूळ आराखडा. बॉडी बांधणाऱ्याने तेव्हा फॉर्म २२-अ, म्हणजे बॉडी नियमांप्रमाणे बांधल्याचा दाखला, दिलेला असतो, पण तो आता कोणाकडेच नसतो. बॉडीवाल्याचा कारखानाही कधीकधी बंद झालेला असतो. अशा वेळी बसची पहिली नोंदणी जिथे झाली, त्या कार्यालयाकडे नोंदणीच्या कागदांच्या प्रमाणित प्रतीसाठी लेखी अर्ज करा. नव्या आराखड्यात खांब, खिडक्यांची मापं आणि आपत्कालीन दरवाजा स्पष्ट दाखवा. आपत्कालीन मार्गासमोर पलंग किंवा ओटा दाखवलात तर त्याच कारणाने फाइल थांबेल. खांबाला हात लागत असेल तर चाचणी संस्थेचा अहवाल मागितला जाऊ शकतो. पुण्यात एआरएआय आणि सीआयआरटी या अशा संस्था आहेत. कॅरव्हॅनसाठी, म्हणजे अशा फिरत्या घरासाठी, एआयएस-१२४ हे मानक आहे, आराखडा काढणाऱ्याला ते माहीत आहे ना, एवढं तपासा.

काचेचं सांगतो. घराच्या स्लायडिंग खिडक्या स्वस्त पडतात म्हणून बसवल्या जातात आणि तपासणीत बाद होतात. काच आयएस २५५३ भाग २ या भारतीय मानकाप्रमाणे सेफ्टी ग्लासच हवी. निरीक्षक वाकून काचेच्या कोपऱ्यातली कोरलेली खूण बघतात. ॲल्युमिनियमच्या चौकटीखाली ती झाकली गेली तर चांगली काचही नापास होते, म्हणून बसवणाऱ्याला आधीच बजावा. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १०० प्रमाणे बाजूच्या काचेतून किमान ५० टक्के आणि पुढच्या-मागच्या काचेतून ७० टक्के प्रकाश आत यायला हवा. काळी फिल्म सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्येच बंद केली. न्हाणीघराला आडोसा हवा असेल तर त्या जागी आराखड्यातच बंद पत्रा दाखवा.

कलम ५२ मधल्या चौदा दिवसांचा अर्थ बरेच जण उलटा लावतात. बदल करून मग चौदा दिवसांत परवानगी मागायची, असं नाही. मंजुरी मिळाल्यावर केलेला बदल चौदा दिवसांत कळवायचा आणि आरसीवर चढवून घ्यायचा, त्यासाठी ही मुदत आहे. म्हणून गॅरेजवाल्याकडून काम संपल्याच्या तारखेचं बिल घ्या.

बाकी नेहमीचं: परिवहन पोर्टलवर अर्ज, फी, पीयूसी, विमा, पत्त्याचा पुरावा, चेसिस क्रमांकाची छाप. तपासणीला जाताना मंजूर आराखडा सोबत ठेवा आणि माप त्याच्याशी जुळतं का, हे स्वतः टेप लावून पाहा. तपासणीआधी पिवळा रंग आणि ‘स्कूल बस’ ही अक्षरंही काढलेली हवीत, नवा रंग अर्जात लिहिलेला असू द्या. नवी आरसी आली की तिची प्रत विमा कंपनीला पाठवून पॉलिसीत बदलाची नोंद करून घ्या. ती नोंद नसेल तर अपघातानंतर दावा नाकारायला कंपनीला आयतं कारण मिळतं.