रोमचे कर्ज आणि विदर्भातील बचत गट

नागपूरहून वर्धा मार्गाने बुटीबोरीच्या पुढे गेले की वर्धा जिल्ह्याची हद्द लागते. काळी जमीन तीच, कपाशी आणि तूरही तीच; परंतु २००९ मध्ये सुरू झालेला ‘केम’ हा समन्वित कृषी विकास प्रकल्प हद्दीपलीकडच्या शेतकऱ्यासाठी होता, अलीकडच्यासाठी नव्हता. त्याचे सहा जिल्हे, म्हणजे अमरावती, अकोला, बुलडाणा, वाशीम, यवतमाळ आणि वर्धा, हे २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भासाठी जाहीर केलेल्या ३,७५० कोटी रुपयांच्या पॅकेजमधलेच होते. यादी अशी देशातच ठरली. पैशाचा मोठा वाटा मात्र रोममधील आंतरराष्ट्रीय कृषी विकास निधीकडून, म्हणजे ‘इफाड’कडून, कर्जरूपाने आला.

या निधीचा उगम नोव्हेंबर १९७४ मध्ये रोमला भरलेल्या जागतिक अन्न परिषदेत आहे. आफ्रिकेतील साहेल पट्ट्यात दुष्काळ पडलेला होता आणि १९७३ च्या तेलदरवाढीनंतर खत गरीब देशांच्या आवाक्याबाहेर गेले होते. दहा वर्षांत एकही मूल उपाशी झोपणार नाही, असे उद्दिष्ट अमेरिकेचे तेव्हाचे परराष्ट्रमंत्री हेन्री किसिंजर यांनी त्या परिषदेत मांडले. ते पूर्ण झाले नाही हे सर्वांना ठाऊक आहे. टिकून राहिला तो १९७७ मध्ये अस्तित्वात आलेला इफाड. सुरुवातीच्या सुमारे १ अब्ज डॉलरपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक रक्कम तेलउत्पादक देशांनी देऊ केली होती. त्याहून महत्त्वाची होती मतांची वाटणी: श्रीमंत औद्योगिक देश, तेलउत्पादक देश आणि कर्ज घेणारे देश यांना प्रत्येकी एक तृतीयांश मते होती. भांडवलाच्या प्रमाणात मत देणाऱ्या जागतिक बँकेत अशी सोय नव्हती. ही रचना १९९० च्या दशकात बदलली.

महाराष्ट्राने १९७२ च्या दुष्काळानंतर वेगळी वाट धरली होती. १९७७ च्या रोजगार हमी कायद्यासाठी मुख्यतः शहरी नोकरदारांच्या पगारातून व्यवसाय कर कापला जाई. बाहेरच्या कर्जाची गरज पडली नाही. तरीही भारताला इफाडचे पहिले कर्ज १९७९ मध्ये मिळाले ते महाराष्ट्रातीलच भीमा लाभक्षेत्र विकासासाठी. तेव्हा पैसा कालव्यांकडे आणि शेतचाऱ्यांकडे जात असे. नव्वदच्या दशकातील महाराष्ट्र ग्रामीण पतपुरवठा प्रकल्पात बचत गट पुढे आले आणि २००७ पासूनच्या ‘तेजस्विनी’ कार्यक्रमात, १९७५ मध्ये स्थापन झालेल्या महिला आर्थिक विकास महामंडळामार्फत, नागपूर जिल्ह्यातील गटही लोकसंचालित साधन केंद्रांशी, म्हणजे गटांच्या संघांशी, जोडले गेले. दरम्यान जगभरातील विकास मदतीत शेतीचा वाटा १९७९ मधील सुमारे १८ टक्क्यांवरून २००४ पर्यंत ३.५ टक्क्यांवर घसरला होता, हे लक्षात घेतले म्हणजे ‘केम’सारख्या प्रकल्पाची रक्कम माफक का होती याचा उलगडा होतो.

हे कर्ज शेतकरी किंवा गटातील बाई घेत नाही. करार केंद्र सरकार करते आणि रक्कम राज्याकडे वळवते. २००५ पूर्वी अशा रकमेचा ३० टक्के भाग राज्याला अनुदान म्हणून मिळे; बाराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीनंतर कर्ज मूळ अटींसह, विनिमय दराच्या जोखमीसकट, राज्याच्या माथी येऊ लागले. त्या काळी इफाडच्या सर्वांत सवलतीच्या कर्जाची मुदत ४० वर्षांची असे, पहिली १० वर्षे मुद्दल मागितले जात नसे आणि सेवाशुल्क वर्षाला ०.७५ टक्का होते. गावातील गटाची वही उघडली तर हजेरी, बचत, कर्ज आणि व्याज असे रकाने दिसतात आणि अनेक गटांत व्याजाच्या रकान्यात शेकडा दोन रुपये, तेही दरमहा, असा दर लिहिलेला असतो. हे दोन दर शेजारी ठेवून गटातील बाईची लूट होते अशी ओरड करणाऱ्यांनी एवढे पाहावे की गटाचे व्याज गावाबाहेर जात नाही. ते त्याच बायकांच्या पेटीत जमा होते आणि पुढच्या महिन्याच्या बैठकीत बियाण्यासाठी किंवा शाळेच्या फीसाठी पुन्हा वाटले जाते.